आपले मत, आपल्याच पायांनी

(हिंगोली तालुक्यातील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



दिल्लीत कोणी बसावे आणि मुंबईत कोणाचे राज्य यावे, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज त्याहून लहान गोष्ट सांगायची आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांची निवडणूक लागली म्हणजे आपले नाव कोणत्या यादीत आहे, मत देण्याचे ठिकाण कोठे आहे, तेथे कसे जावे आणि आपले मत आपल्या हाताने कसे द्यावे, एवढेच मी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, यात भाषण ते काय करायचे? पण मंडळी, पाणी मुरते ते येथेच. हे साधे काम आपण दुसऱ्यावर टाकतो, आणि जो आपले साधे काम करून देतो तोच पुढे आपला धनी होऊन बसतो.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याची मोठी शिकवण अशी की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. पूजा तुमची, लग्न तुमच्या लेकराचे, मग मध्ये दक्षिणा मागणारा तिसरा कशाला? आपल्या आज्यापणज्यांनी हे ऐकले आणि कित्येक गावांत भटजीवाचून लग्ने लागली. आकाश काही कोसळले नाही. नवराबायको सुखाने नांदली.

तोच न्याय मताला लावा. जुना दलाल दारातून गेला, पण नवा खिडकीतून आत आला आहे. यादीत नाव आहे की नाही, हे पुढारी पाहतो. केंद्राची चिठ्ठी पुढारी देतो. जीप पुढारी धाडतो. रस्त्यात चहा-भजी पुढारी खिलवतो, आणि उतरताना कानात सांगतो, "दादा, तिसरे बटन बरं का!" अहो, मग त्या मतात तुमचे काय राहिले? बोट तेवढे तुमचे, आणि त्या बोटावरची शाई.

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात तुम्ही हळद घेऊन जाता. वर्षभर राबून पिकवलेली, शिजवलेली, वाळवलेली हळद काट्यावर चढते, तेव्हा तुम्ही झाडाखाली झोपता काय? नाही. काट्याशी उभे राहता, आकडा डोळ्यांनी पाहता, अडत्याच्या चिठ्ठीवरचे माप पुन्हा वाचून घेता. एका पोत्यात किलोभर इकडेतिकडे झाले तर भांडता. आणि पाच वर्षांचा कारभार ज्या दिवशी काट्यावर चढतो, त्या दिवशी सगळे माप दुसऱ्यावर सोडता! हा कोठला हिशेब?

हे मत आपल्याला फुकट मिळाले, असे समजू नका. जोतीराव १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेत सभासद होते, पण ते सरकारने नेमलेले होते. गरिबाने मत द्यावे, असा तो काळ नव्हता. पुढे १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या गेल्या. ब्राह्मणेतर चळवळीने त्यासाठी घसा कोरडा केला होता. तरी मत होते ते सारा भरणाऱ्याला आणि मिळकतवाल्याला. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याच्या नावे मतही नाही. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई प्रांतिक समितीचे सभासद या नात्याने आपला वेगळा अहवाल दिला, आणि वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत द्या, अशी मागणी केली. अडाण्याला मत कशाला, असे म्हणणारे शहाणे तेव्हा थोडे नव्हते.

आणि आपल्या हिंगोलीकडे? आपण निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात. येथल्या कुणब्याला, सुताराला, कुंभाराला राज्यकारभारात विचारतो कोण? सारा भरायचा, वेठ करायची आणि मान खाली घालून परत यायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, आणि १९५१-५२ च्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत देशमुखाच्या मताला जेवढे वजन, तेवढेच त्याच्या सालगड्याच्या मताला आले. तेव्हा वयाची अट २१ होती. १९८९ पासून ती १८ आहे.

त्या पहिल्या निवडणुकीतली एक गोष्ट मायबहिणींनी ध्यानात ठेवावी. याद्या करणारे दारात आले तेव्हा उत्तरेकडील प्रांतांत लाखो बायांनी आपले नावच सांगितले नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख बायांची नावे शेवटी यादीतून गाळावी लागली. देशाने मत दिले, पण नाव न सांगितल्यामुळे ते हातून गेले. मत देण्याच्या आधी यादीत नाव लागते. म्हणून माझे पहिले सांगणे यादीविषयी आहे.

यादीची खुबी नीट समजून घ्या. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग महाराष्ट्रात १९९४ साली झाला. पण मतदारांची मूळ यादी तो करीत नाही. यादी विधानसभेची असते आणि ती भारत निवडणूक आयोगाची. आपल्या जिल्ह्यात तालुके पाच, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. विधानसभेचे मतदारसंघ मात्र तीनच, वसमत, कळमनुरी आणि हिंगोली. या तीन मतदारसंघांची यादी घेऊन ती गावाच्या प्रभागांप्रमाणे, गट-गणांप्रमाणे फाडून वाटली जाते. कापड एकच, शिवण वेगळी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या यादीत आयत्या वेळी कोणीही घालू शकत नाही, मग तो कितीही मोठा पुढारी असो. २ डिसेंबर २०२५ रोजी हिंगोलीच्या नगरपरिषदेसाठी मतदान झाले. त्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेनंतर ज्यांनी नाव घातले, त्यांनी आधार कार्ड नाचवले तरी उपयोग नव्हता. आधार कार्डाने तुम्ही कोण आहात ते कळते, मत देण्याचा अधिकार यादीतल्या नावाने मिळतो. म्हणून निवडणुकीचा भोंगा वाजण्याची वाट पाहू नका. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पोरगा किंवा पोरगी अठराची झाली की गावच्या बीएलओकडे नमुना ६ भरून द्या. सून घरात आली, पत्ता बदलला, नाव चुकले, तर नमुना ८ भरा. बीएलओ म्हणजे बहुधा आपल्याच शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाई. त्यांना विचारायला पुढारी कशाला मध्ये हवा? १९५० या क्रमांकावर फोन करूनही यादीची चौकशी करता येते.

दुसरी गोष्ट. यादी प्रभागांप्रमाणे फाडताना शिवण चुकते. घर एका प्रभागात आणि नाव दुसऱ्या प्रभागात, बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे, असे होते. म्हणून कच्ची यादी प्रसिद्ध होते आणि हरकती घ्यायला थोडे दिवस देतात. ती यादी ग्रामपंचायतीत, तहसिलीत, नगरपरिषदेत लागते. त्या दिवसांत जाऊन आपल्या घरातली सगळी नावे बोट ठेवून वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवंडाला संगे न्या. ते दिवस गेले की मग "आमचे नाव पळवले हो" म्हणून बोंब मारण्यात हशील नाही.

आता ठिकाणाविषयी. संत नामदेव महाराज आपल्याच नर्सीचे, शिंपी कुळातले. लोक सांगतात, औंढ्याला नागनाथापुढे त्यांचे कीर्तन चालू असता पुजाऱ्यांनी त्यांना मागे जाऊन उभे राहायला लावले, आणि देवळानेच तोंड फिरवून नामदेवाकडे केले. देऊळ फिरले की नाही, याचा ज्याचा त्याने विचार करावा. शिंप्याला मागे लोटणारे लोक होते, एवढे मात्र त्या गोष्टीतून कळते. पण मंडळी, देऊळ फिरले म्हणतात ते एकदाच. मतदानाचे केंद्र पुष्कळदा फिरते! विधानसभेला शाळेची पूर्वेची खोली असते, ग्रामपंचायतीला पश्चिमेची. नगरपरिषदेला केंद्र दुसऱ्याच आळीत जाते, कारण प्रभागाची हद्द बदललेली असते. आणि ते काही तुमच्याकडे तोंड करून फिरत नाही. तुम्हालाच त्याच्याकडे जावे लागते. "मागच्या वेळी मी येथेच मत दिले होते" हे म्हणणे तेथे चालत नाही. म्हातारा माणूस उन्हात एका रांगेत तासभर उभा राहतो, पुढे गेल्यावर "बाबा, तुमचे नाव दुसऱ्या केंद्रावर" असे ऐकतो, आणि तसाच घरी येऊन बाजेवर आडवा होतो. एक मत गेले. ते कोणी चोरले नाही, चौकशीवाचून गेले.

म्हणून मतदानाच्या आठ दिवस आधी तीन आकडे घरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. प्रभागाचा क्रमांक, केंद्राचा क्रमांक आणि यादीतला अनुक्रमांक. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घालून हे शोधता येते. घरोघरी पोरांच्या हातात मोबाइल आहे, त्यातून गाणी ऐकू येतात तसे हेही दिसते. मग पुढाऱ्याच्या मंडपात चिठ्ठी मागायला जाण्याचे कारण उरत नाही. चिठ्ठी नसली म्हणून मत अडत नाही. नाव यादीत हवे आणि ओळखीचा कागद हवा. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार कार्ड, फोटोचे बँक पासबुक, अशी इतर कागदेही चालतात.

लोकसभा आणि विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकांत ८५ वर्षांपुढच्या म्हाताऱ्यांना घरी बसून मत देण्याची सोय निवडणूक आयोगाने केली होती. गावच्या निवडणुकीत तिच्या भरवशावर राहू नका. येथे आपणच जावे लागते. म्हणून ज्याच्या घरी बैलगाडी, फटफटी किंवा ऑटो आहे, त्याने आपल्या आळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पांगळ्या-आंधळ्यांना घेऊन जावे. आळीने आळीला न्यावे. उमेदवाराच्या गाडीत बसलेला माणूस उतरेपर्यंत अर्धा विकला जातो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना विश्वासाचा सोबती आत नेता येतो.

आत गेल्यावर घाई करू नका. लोकसभेला एक बटन दाबून सुटका होते, येथे तसे नाही. जिल्हा परिषदेच्या वेळी दोन मते असतात, एक गटाचे आणि एक गणाचे. ग्रामपंचायतीत आपल्या प्रभागाचे दोन-तीन सभासद, आणि सरपंच थेट निवडायचा असेल तर त्याचे वेगळे मत. हिंगोलीसारख्या नगरपरिषदेत प्रभागाचे सभासद आणि वर नगराध्यक्ष. जागा निराळी तशी मतपत्रिका निराळी. प्रत्येक जागेसाठी मत द्या. सगळी मते पुरी झाली म्हणजे यंत्राचा लांब आवाज येतो, तो ऐकूनच बाहेर या. पुष्कळ जण एक बटन दाबून निघतात आणि बाकीची मते वाया घालवतात. एकही उमेदवार पसंत नसेल तर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटन २०१३ पासून आहे. घरी बसून रुसण्यापेक्षा तेथे जाऊन रुसा, म्हणजे निदान मोजले तरी जाईल.

तुमच्या आधीच कोणी तुमच्या नावावर मत देऊन गेला असेल तर गुपचूप परतू नका. केंद्राध्यक्षाला सांगा, ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ती पाकिटात वेगळी राहते, यंत्रातल्या मतांत मिसळत नाही. म्हणून खरा उपाय एकच. सकाळी लवकर जा. आधी मत, मग औत.

आता सर्वांत अवघड प्रश्न बोलतो. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कोणी पुण्याला बांधकामावर, कोणी हैदराबादेस, कोणी वीटभट्टीवर. निवडणूक नेमकी हिवाळ्यात येते. मग गावात उरतात म्हातारी माणसे आणि पुढारी. कोणी सांगतो, "तू आता येथे राहत नाहीस, तुझे नाव कमी करू." हे खोटे आहे. माणूस पोटासाठी काही महिने बाहेर गेला, एवढ्यावरून त्याचे राहते गाव सुटत नाही, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. घर येथे, रेशनकार्ड येथे, म्हातारी माय येथे, तर नाव येथेच ठेवा. पण नाव दोन्ही ठिकाणी ठेवू नका. तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि आपल्याच दुसऱ्या गरिबाच्या मताचे वजन त्याने कमी होते. ज्याने पुण्यात कायमचा संसार थाटला, त्याने तेथे नाव घालावे आणि तेथल्या नळाविषयी, गटाराविषयी तेथे मत द्यावे.

बाहेरगावच्या माणसाला आणायला उमेदवार ट्रॅव्हल्सची बस पाठवतो. जाण्यायेण्याचे भाडे, जेवण, वर पाकीट. गरिबाला मोह पडतो, त्यात नवल नाही, एका दिवसाची मजुरी बुडते. पण हिशेब करा. पाच वर्षांचे पाणी, पाच वर्षांची शाळा, पाच वर्षांचे घरकुल एका बसच्या तिकिटात गेले. त्यापेक्षा टोळीतल्या लोकांनी उचल घेतल्या दिवसापासून आठवड्याला थोडेथोडे बाजूला ठेवावे आणि आपल्या पैशाने यावे. आपल्या तिकिटाने आलेला माणूस ताठ मानेने रांगेत उभा राहतो.

मत विकण्याची मजल कोठवर जाते, तेही ऐका. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले. कोणी देवळाच्या नावाने बोली लावली, कोणी गावाच्या भल्याच्या नावाने. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. सगळे गाव मिळून एकमताने माणूस निवडत असेल तर ते चांगले. पण थैली बोलते आणि गाव माना डोलवते, तेव्हा गरिबाच्या हातातले एकुलते एक हत्यार कोणालाही न विचारता मोडून टाकलेले असते.

कोणी म्हणेल, "माझ्या एका मताने काय होते?" विधानसभेत लाखांनी मते असतात, तेथे हा प्रश्न शोभेल. गावच्या प्रभागात मते शेकड्यांनी मोजतात. एकदोन मतांनी माणूस पडतो आणि निवडून येतो. दोघांची मते सारखी पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. तुम्ही बाजेवर पडून राहिलात, तर तुमच्या गावचा कारभारी चिठ्ठीने ठरेल. मग नशिबाला बोल लावू नका.

कोणी म्हणेल, "कोणीही आले तरी काय फरक?" फरक आपण डोळ्यांनी पाहिला आहे. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचे खटले चालले, निवडणूक लांबली, कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून हुकूम दिला, तरी २०२५ साल संपेपर्यंत आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक झाली नव्हती. अंमलदार वाईट असतो असे मी म्हणत नाही. पण शाळेचे छप्पर गळते, दवाखान्यात औषध नाही, पांदण रस्ता चिखलात बुडाला, तर कोणाची कॉलर धरायची? निवडलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा दारात येणार, या भीतीने तरी ऐकतो. अंमलदाराची बदली होते. ज्याला आपण निवडले नाही, त्याला जाब विचारता येत नाही, एवढे शहाणपण या वर्षांनी दिले. ते विसरू नका.

मायबहिणींनो, तुमच्याशी शेवटचे दोन शब्द. २०११ पासून या राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा तुमच्यासाठी आहेत. निम्म्या खुर्च्या तुमच्या आणि मत मात्र मालक सांगतील तिकडे, हे कसे जुळते? पडद्याआड तुम्ही आणि यंत्र, दोघेच असता. तेथे नवरा नाही, सासरा नाही, पाटील नाही, साधू नाही. कोणाला दिले हे कोणालाही सांगण्याचे बंधन नाही. घरात भांडण नको असेल तर हसून गप्प राहा. पाणी डोक्यावरून तुम्ही आणता, तेव्हा नळाचे मत तुमच्याहून चांगले कोण देणार?

तर मराठा, माळी, हटकर, बंजारा, आंध, बौद्ध, मातंग, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, मुसलमान, सगळ्या कष्टाच्या जातींनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. घरात अठरा वर्षांवरची माणसे किती, ते मोजा. त्यांतली किती नावे यादीत आहेत, ते येत्या आठवड्यात जाऊन पाहा. जे नाव नाही त्याचा नमुना भरा. निवडणूक लागली की केंद्र शोधून भिंतीवर लिहा. त्या दिवशी सकाळी शेजारच्या म्हातारीला हात द्या आणि आपल्या पायांनी चालत जा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. सत्याचा जय असो.